जबड्याची शस्त्रक्रिया आणि दातांच्या तारा : उपचारक्रमाचा इतिहास व डहाणू-तलासरीचा प्रश्न

जबड्याची ठेवणच सदोष असेल तर केवळ दातांना तारा बसवून चावा जुळत नाही. आणि केवळ हाड कापून पुढेमागे केले तरी दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. हे तत्त्व आज विद्यार्थ्यास उघड वाटते. परंतु ते व्यवहारात रुळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यातून सिद्ध झालेला उपचारक्रम डहाणू व तलासरी तालुक्यांतील रुग्णांस कितपत पेलणारा आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

भाजल्याच्या व्रणामुळे ओढल्या गेलेल्या एका तरुणीच्या खालच्या जबड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत अमेरिकेतील सायमन हलिहेन याने १८४९ साली प्रसिद्ध केला. या शाखेचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. १८९७ मध्ये सेंट लुई येथे व्हिल्रे ब्लेअर याने पुढे आलेला खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे घेतला. दात सरळ करण्याच्या शास्त्राचा, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचा, प्रवर्तक एडवर्ड अँगल याने दातांवरील साधनांची जोड मिळती तर परिणाम अधिक चांगला झाला असता, असा अभिप्राय दिला. संयुक्त उपचाराचे बीज येथे दिसते. परंतु पुढील अर्धशतक दोन्ही शास्त्रे बहुधा आपापल्या वाटेने गेली.

१९५७ साली ट्राउनर व ओब्वेगेझर यांनी इंग्रजी वाचकांपुढे मांडलेल्या पद्धतीने तोंडाच्या आतूनच खालच्या जबड्याची मागील बाजू उभी दुभंगून सरकविणे शक्य झाले. पुढे विल्यम बेल याने माकडांवरील प्रयोगांनी वरचा जबडा सुटा केला तरी त्याचा रक्तपुरवठा टिकतो, हे दाखविले. जबडा हव्या त्या जागी नेता येऊ लागला, तेव्हाच दातांच्या जुळणीतील उणीव ठळक झाली.

या उणिवेचे मूळ शरीराच्या स्वाभाविक तडजोडीत आहे. खालचा जबडा पुढे वाढला की खालचे पुढील दात जिभेकडे कलतात व वरचे ओठाकडे झुकतात. व्यंग अंशतः झाकले जाते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तारांनी ही तडजोड मोडावी लागते. या काळात व्यंग अधिकच दिसू लागते. नंतर शस्त्रक्रिया, आणि शेवटी पुन्हा तारांनी बारीक जुळणी, असा हा क्रम दीड ते तीन वर्षे चालतो.

भारतात डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय स्थापिले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ चे. मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना १९६९ मध्ये निघाली. विद्या अशा रीतीने मुंबईपर्यंत आली. परंतु डहाणू रोड चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटर आहे. उपनगरी गाड्या तेथवर २०१३ मध्ये पोहोचल्या. तलासरी गाव तर महामार्गावर असून रेल्वेपासून दूर आहे. पावसाळा सरल्यावर कामासाठी स्थलांतर करणाऱ्या वारली कुटुंबास दर महिन्या-दीड महिन्याची खेप चुकणे अटळ होते. खेपा चुकल्या की रुग्ण व्यंग वाढलेल्या अवस्थेतच अडकतो.

दुसरी अडचण वयाची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू असलेली मुले हेरली जातात; तथापि त्याची मर्यादा अठरा वर्षांची. टाळू शिवलेल्या अनेक मुलांचा वरचा जबडा पुढे खुरटतो, आणि त्याची शस्त्रक्रिया सामान्यतः वाढ पुरी झाल्यावरच, मुलग्यांत बहुधा अठराच्या आसपास किंवा त्यानंतर, करतात. ज्या वयात अंतिम उपचार यावयाचा, त्याच वयात योजनेचे छत्र सरते.

२००९ मध्ये नागासाका व सहकाऱ्यांनी निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया आधी व तारांचे मुख्य काम नंतर, असा उलटा क्रम मांडला. त्याने काळ घटू शकतो व व्यंग वाढून दिसण्याचा टप्पा टळतो. परंतु नंतरच्या खेपा टळत नाहीत. शंभर वर्षांत शल्यचिकित्सक व ऑर्थोडॉन्टिस्ट एकाच आराखड्यावर काम करू लागले. त्या आराखड्यात रुग्णाचे गाव, त्याचा हंगाम व त्याचे वय यांची नोंद झाल्यावाचून डहाणू-तलासरीपुरता हा इतिहास पूर्ण झाला, असे म्हणता येणार नाही.