इकमिक कुकर : हरवलेल्या सूचनापत्रकाचा शोध

इकमिक कुकर हे नाव आता सत्तरी ओलांडलेल्या वाचकांनाच आठवत असेल. प्रेशर कुकर घरोघरी येण्यापूर्वीचा हा कुकर. त्याला शिट्टी नाही, रबरी चकती नाही, आतल्या वाफेला दाबही नाही. एक पितळी नळकांडे, त्यात बसणारा पुडाचा डबा आणि तळाशी लोणारी कोळशाची शेगडी, एवढाच संसार.

तो तयार करणारे डॉ. इंदुमाधव मल्लिक (1869–1917) हे बंगाली गृहस्थ मोठे विलक्षण होते. तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान, कायदा आणि अखेरीस वैद्यक असे एकामागून एक अभ्यास त्यांनी केले, महाविद्यालयात शिकवले, चीनचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिले. 1910 च्या सुमारास त्यांनी हा कुकर सिद्ध केला. पुरीला जगन्नाथाच्या रोसघरात मातीची मडकी एकावर एक रचून एकाच चुलीवर महाप्रसाद शिजवतात, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. ‘हायजिनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’ या दोन इंग्रजी शब्दांच्या शेपट्या जोडून ‘इकमिक’ हे नाव झाले, अशीही व्युत्पत्ती आहे. ती खरी धरली तर नावात आधी डॉक्टर बोलतो आणि मग काटकसरी गृहस्थ. पटकी आणि विषमज्वराच्या त्या काळात झाकून, उकळून शिजवलेले अन्न ही चैनीची बाब नव्हती.

हा इतिहास पुस्तकांत सापडतो. कुकर लावायचा कसा, हे मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही. माझ्याकडे असलेला नग माझ्या आत्याचा. ती पुण्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका होती आणि सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत एकटी राहत असे. शाळा सकाळची, सव्वासात ते बारा. आमच्या घरात तिच्याविषयी एक वाक्य ठरून गेले होते : “तिला कुठला येतोय स्वयंपाक? डब्यातलं उकडलेलं खाते.” ती गेल्यावर पोटमाळ्यावरून हा कुकर निघाला, आणि कागदपत्रे वाचायची सवय असलेल्या मला पहिल्यांदाच एक भांडे वाचावे लागले.

सुटे भाग पाच. झाकण, दुहेरी भिंतींचे नळकांडे, त्यात उभी राहणारी तिवई, तीन पुडांचा डबा आणि खाली जाळीच्या टोपलीची शेगडी. शेगडीच्या कडेला हवेसाठी सरकती झडप. झडपेजवळ पितळेवर खिळ्याने ओढलेल्या तीन रेघा होत्या. वेड्यावाकड्या असल्याने त्या कारखान्याच्या नव्हेत, हे उघड होते. शेगडीच्या टोपलीत एक काळी पडलेली लोखंडी पळी सापडली. तिचे कुकरशी काय नाते असावे, हे पहिले काही दिवस मला कळेना.

सगळ्यांत बोलका निघाला तो नळकांड्याचा तळ. पुण्याच्या पाण्यातल्या क्षारांनी आतल्या भिंतीवर दोन पांढरी वर्तुळे उमटवली होती. वरचे ठसठशीत, तळापासून तीन बोटांवर. खालचे फिकट, जेमतेम दोन बोटांवर. वरचे वर्तुळ म्हणजे पाणी घालण्याची पातळी आणि खालचे म्हणजे स्वयंपाक झाल्यावर उरलेले पाणी. वर्षानुवर्षे रोज तेवढेच पाणी घातल्याशिवाय अशी रेघ बनत नाही. दुसरा पुरावा कल्हईचा. कथील 232 अंशांना वितळते. पाणी उकळत असेतोवर भांड्याच्या तळाचे तापमान शंभराच्या फार वर चढत नाही. पाणी संपले की निखाऱ्यावरचा तळ पाहता पाहता तापतो आणि कल्हईचे गोळे होऊन ती एका बाजूला ओघळते. या तळाची कल्हई झिजून राखाडी झाली होती, पण ओघळ एकही नव्हता. म्हणजे हा कुकर कधीच कोरडा पडला नव्हता.

इथवर येऊनही कोळसे किती, हा प्रश्न उरलाच. आमच्या ओळखीतल्या एका नव्वदीच्या काकूंना विचारले. त्या हसल्या. “किती काय विचारतोस? टोपली भरायची. संपले की झालं.” मला हे उत्तर आधी टोलवाटोलवीचे वाटले. मग लक्षात आले की सूचनापत्रकातले मुख्य वाक्य हेच. टोपलीचा आकार हेच घड्याळ होते. तीत मावतील तेवढेच कोळसे, तेवढीच आच, तेवढाच वेळ. स्वयंपाक झाला हे ओळखायला जवळ कुणी असण्याची गरजच नव्हती, कारण आग आपली आपण विझणार होती. त्या काळी शहरांत पसरलेल्या प्रायमस स्टोव्हशी याची तुलना करून पाहावी. 1892 साली स्वीडनमध्ये निघालेला तो स्टोव्ह वेगवान खरा, पण त्याला पंप मारा, पिन करा, भडकला तर धावा. तो माणसाला जागचे हलू देत नाही.

मी गच्चीवर तीन दिवस प्रयोग केले. (लोणारी कोळसा बंद खोलीत पेटवू नये, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.) टोपलीत पाव किलोहून थोडे अधिक कोळसे मावले. झडप पूर्ण उघडी ठेवली तेव्हा आच तासाभरात ओसरली आणि तूरडाळीचा दाणा मधोमध टणक राहिला. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्याने इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. कलकत्त्याच्या मानाने डाळीला एवढा तोटा सोसावा लागतोच. दुसऱ्या दिवशी झडप मधल्या रेघेवर आणली. पाणी उकळायला पाऊण तास लागला, पण नंतर वाफ सव्वा तास टिकली. डाळ खालच्या पुडात होती, कारण वाफ आधी तिथे पोचते. मधल्या पुडात भात, वरच्यात दुधी. कोळशांची राख झाल्यावर मी झाकणाला हात लावला नाही. सकाळी सव्वासहाला पेटवलेला कुकर बारा वाजून वीस मिनिटांनी उघडला. भातातून वाफा येत नव्हत्या, पण तो चांगला गरम होता आणि डाळ डावाने घोटता येईल इतकी मऊ झाली होती. नळकांड्यातले पाणी खालच्या वर्तुळाच्या किंचित वर होते.

पळीचा उलगडा तिसऱ्या दिवशी झाला. निखारे फुलल्यावर नळकांडे वर ठेवण्यापूर्वी पाच-सात मिनिटे आग उघडीच असते. तेवढ्यात पळीत तेल तापते, मोहरी तडतडते, हिंग-हळद पडते आणि ती फोडणी कच्च्या डाळीवर ओतून पूड बंद करता येतो. खालच्या पुडाची कड हळदीने कायमची पिवळी झालेली होती, आणि एका बाजूला तर पळीच्या चोचीएवढा डागच होता. चिंच-गूळ मात्र तिला शाळेतून आल्यावरच घालावे लागत असणार, कारण आंबट आधी पडले तर डाळ शिजत नाही. “डब्यातलं उकडलेलं” या आमच्या घरगुती इतिहासात फोडणीला जागा नव्हती.

हा कुकर कोणासाठी होता, याचे उत्तर साधारणपणे ‘एकट्या पुरुषांसाठी’ असे दिले जाते. ते बरेचसे बरोबर आहे. बिऱ्हाड गावी ठेवून शहरात नोकरी करणारा कारकून, वसतिगृहातला विद्यार्थी, परक्याच्या हातचे न खाणारा सोवळा प्रवासी, यांच्यापुढे खाणावळ किंवा उपास असे दोनच मार्ग असत. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा तर प्रसिद्धच आहे. पण सकाळी सातला घराबाहेर पडणारी आणि घरी मागे कोणी नसलेली बाईही याच वर्गात मोडत होती. तिला खाणावळीत जाऊन बसण्याची मोकळीक नव्हती आणि स्वयंपाकाची बाई ठेवण्याइतका पगार नव्हता. पुरुषाने इकमिक लावला की तो हुन्नरी ठरे. तेच बाईने केले की तिला स्वयंपाक येत नाही असे म्हणत. मल्लिकांच्या यंत्रात असा भेद कुठे दिसत नाही.

1959 च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांचे प्रेशर कुकर आपल्याकडे तयार होऊ लागले. दाबाखाली वाफ 120 अंशांच्या आसपास जाते आणि डाळ वीस मिनिटांत शिजते. वेग, इंधन, चव, सगळ्यांत नवा कुकर सरस होता. इकमिक त्यापुढे टिकणे शक्यच नव्हते आणि त्याबद्दल हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. फक्त एक अट नव्याने आली : शिट्ट्या मोजायला आणि गॅस बंद करायला घरात कोणीतरी हवे.

आत्याकडे प्रेशर कुकर पुष्कळ उशिरा आला, हेही तिच्या हेकटपणाचे उदाहरण म्हणून आम्हाला सांगितले जाई. पोटमाळ्यावर इकमिक ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, त्याच्यावर जून 1971 ची तारीख आहे. ती त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त झाली होती.