जुन्या घरांचे भूकंपरोधक मजबुतीकरण : जालन्यासाठी किल्लारीचा धडा

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. 6.2 तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. विशेष म्हणजे, त्या वेळी हा परिसर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात मोडत होता. भारतीय मानक ब्युरोने 2002 मध्ये हे पहिले क्षेत्रच रद्द केले आणि किल्लारीचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात केला. जालना जिल्हा त्या नकाशात दुसऱ्या क्षेत्रात आला. पहिले क्षेत्र उरले नसल्याने सर्वांत कमी धोक्याचे क्षेत्र आता हेच ठरले. मात्र कमी धोका म्हणजे निर्धास्तपणा नव्हे, हे मराठवाड्याने अनुभवले आहे. 2024 मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले.

घर का कोसळते?

मराठवाड्यातील जुनी घरे प्रामुख्याने दगड-मातीची आणि माळवदाची. भिंतीची आतली व बाहेरची बाजू दगडांनी रचलेली असते. मधल्या पोकळीत माती व दगडगोटे भरलेले असतात. दोन्ही बाजूंना जोडणारे आरपार दगड बहुधा नसतात. त्यामुळे जमीन हादरली की भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवले जातात. छप्पर जितके जड, तितका भूकंपाचा जोर अधिक. किल्लारी परिसरात काही घरांचे लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या. परंतु भिंतींचे दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले.

मजबुतीकरणाची पद्धत

अशी घरे पाडलीच पाहिजेत असे नाही. आयएस 13935 या भारतीय मानकात दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या पद्धती दिल्या आहेत. त्यांतील मुख्य उपाय असे :

- माळवदावरील जादा माती काढून भार हलका करणे. गळती रोखण्यासाठी मातीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरणे.
- खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरके आधार देऊन चौकट ताठ करणे.
- भिंतीतील मोजके दगड हलक्या हाताने काढून आरपार छिद्र पाडणे, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरणे. यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजू एकत्र बांधल्या जातात.
- दारे-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवर सलग लोखंडी जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा देणे. कोपरे उघडू नयेत, हा त्याचा हेतू.

भेगा बुजवून वरून केवळ गिलावा केल्यास घर देखणे होते, मजबूत होत नाही.

सिमेंटच्या इमारतींचे काय?

सिमेंटची इमारत आपोआप सुरक्षित असते, हा समज 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपाने खोटा ठरवला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये, वाहनतळासाठी तळमजला मोकळा सोडलेल्या अनेक इमारती कोसळल्या. वर भिंती आणि खाली नुसते खांब, अशा रचनेत सारा ताण तळमजल्यावर येतो. खांबांभोवती नव्या सळया व काँक्रीटचे वेष्टन देणे किंवा तळमजल्यावर काँक्रीटच्या भिंती उभारणे, हे त्यावरील उपाय होत. त्यासाठी आयएस 15988 हे मानक 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात, अभियंत्याकडून तपासणी व आकडेमोड ही पहिली पायरी.

अनुदान मिळाले, भिंती तशाच

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात 52 गावांचे पुनर्वसन झाले. इतर गावांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती, पुनर्बांधणी व मजबुतीकरण घरमालकांमार्फत करण्याचे ठरले. मात्र अनेक कुटुंबांनी अनुदानातून सिमेंटची नवी खोली बांधली. शेजारच्या जुन्या भिंती तशाच राहिल्या. दगडावरचा विश्वास उडाल्यावर असे होणे स्वाभाविक होते. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता, दगड एकमेकांशी न बांधल्याचा होता.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून सळया दूरवर जातात. जिल्ह्यातील जुन्या भिंतींना हवी असलेली वस्तू त्यामुळे हाताशीच आहे. ती भिंतीत योग्य जागी बसवणारे प्रशिक्षित गवंडी आणि तपासणारा अभियंता मिळाला, तर आजोबांच्या काळातील घरही कुटुंबाला सुरक्षित निवारा देऊ शकेल.