तपासणारा कोणाच्या हाताखाली असावा?



आईच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू आजवर सोलापूरला किंवा धाराशिवला गाडीतून उतरत आला आणि पुढची वाट त्याने एस.टी.ने अथवा पायी काढली. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरांचा लोहमार्ग ठरल्यापासून गावात एकच चर्चा ऐकू येते: स्टेशन कोठे आणि जमिनीला भाव काय? ही चर्चा स्वाभाविक आहे. परंतु मी आयुष्यभर कामगारांत वावरलेला मनुष्य. माझ्या मनात निराळा प्रश्न येतो. त्या मार्गावर सिग्नल देणारा, सांधा बदलणारा, रूळ पाहणारा माणूस कोठे शिकेल, आणि त्याला नीट शिकविले की नाही हे कोण तपासील?

आपल्या भागाला आगगाडी नवी नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत धावली आणि तडवळ्यावरून १९११ साली लातूरला पोहोचली. अडीच फुटी रुळांची ती लहानशी गाडी १९५४ साली सरकारने ताब्यात घेतली. जुन्या काळच्या कामगाराची शाळा म्हणजे त्याचा मुकादम. हातोड्याच्या आवाजावरून रुळाचे दुखणे ओळखावे, वाफेच्या सुरावरून इंजिनाचा स्वभाव जाणावा, हे सारे वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकावयाचे. ही परंपरा वाईट नव्हती. पण गुरूच्या विद्येबरोबर गुरूची चूकही शिष्याकडे वारसाने जाई.

म्हणून शाळा निघाल्या. अधिकाऱ्यांसाठी १९३० साली देहरादूनला स्टाफ कॉलेज सुरू झाले. मंदीच्या दिवसांत दोन वर्षांतच ते बंद पडले. कॉलेज पुन्हा उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, बडोद्याच्या प्रतापविलास राजवाड्यात. सिग्नल व तारखात्यासाठी १९५७ साली सिकंदराबादला आणि रूळ-पुलांच्या विद्येसाठी १९५९ साली पुण्याला संस्था निघाल्या. मध्य रेल्वेच्या स्टेशनमास्तर, गार्ड आदी मंडळींची शाळा भुसावळला आहे. शाळा निघाल्या हे चांगले झाले. पण शाळेची परीक्षा कोणी घ्यावयाची, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्याच इतिहासात आहे. १८९० च्या कायद्याने रेल्वेवर सरकारी निरीक्षक नेमण्याची तरतूद झाली. मात्र १९०५ साली रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि हे निरीक्षक त्याच बोर्डाच्या अधिकाराखाली आले. म्हणजे गाड्या चालविणारा आणि त्यांचे दोष काढणारा, दोघांचा धनी एकच! पुढे १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये बिह्टा येथे एक्स्प्रेस गाडी रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्या जातीच्या इंजिनांविषयी पूर्वीपासून तक्रारी होत्या. या इंजिनांचा विचार करण्यासाठी बसलेल्या समितीने १९३९ साली असे मत दिले, की निरीक्षक बोर्डापासून वेगळे असणे इष्ट आहे. मे १९४१ मध्ये निरीक्षकांना रेल्वेच्या हाताखालून काढून टपाल व हवाई खात्याकडे सोपविण्यात आले. १९६१ साली त्यांना ‘रेल्वे सुरक्षा आयुक्त’ हे नाव मिळाले, आणि १९६७ पासून ते नागरी विमान वाहतूक पाहणाऱ्या मंत्रालयाकडे आहेत. रेल्वेची तपासणी विमानखात्याकडे, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. पण त्यामागे शंभर जणांच्या मरणाने शिकविलेला धडा आहे.

आता माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी संघटनेचा प्रतिनिधी म्हणून मी एका प्रशिक्षण केंद्रात गेलो होतो. तपासणीचा दिवस होता. भिंतींना नवा रंग, दारात रांगोळी, नोंदवहीत सर्वांची हजेरी. सिग्नलांचा नमुना लखलखत होता. मी एका पॉइंट्समनला बाजूला घेऊन विचारले, “यावर हात बसला का?” तो म्हणाला, “भाऊ, यावरचं कापड आजच निघालं. साहेब गेले, की पुन्हा टाकतील.” हजेरीत नावे असलेल्यांपैकी दोघे तर त्या दिवशी आपापल्या स्टेशनावर ड्यूटी करीत होते, बदली माणूस मिळाला नव्हता. तपासणारे आणि चालविणारे एकाच खात्याचे. चहा झाला, शेरा उत्तम पडला. आणि मी? त्या दोघांचा भत्ता जाईल या भयाने मीही गप्प राहिलो. भत्त्यासाठी मी अनेकदा मोर्चे काढले. शिक्षणासाठी एकही काढला नाही. ही माझी चूक मी आज आपल्यासमोर कबूल करतो.

कारण या मौनाची किंमत मोठी असते. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालेश्वरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला आणि २९० हून अधिक लोक प्राणास मुकले. सिग्नलांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या कामात दोष राहिला होता, असे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसून आले. जोडणी तारांची खरी, पण ती करतो माणसाचा हात आणि ती तपासतो माणसाचाच डोळा. रूळ आणि इंजिन पाहण्यास बाहेरचा आयुक्त लागतो, तर त्या हाताला शिकविणारी शाळा घरच्या माणसाने पाहून कसे भागेल?

माझे मागणे थोडके आहे. केंद्राची तपासणी बाहेरच्या माणसाने करावी आणि ती न कळविता करावी. त्याने नोंदवही मागाहून पाहावी. आधी शिकणाऱ्याला नमुन्यासमोर उभे करून “चालवून दाखव” म्हणावे. कामगाराला शिकावयास पाठविताना त्याच्या जागी बदली माणूस दिला होता का, हे विचारावे. आणि कामगारांचा प्रतिनिधी बरोबर असावा. पण माझ्यासारखा गप्प बसणारा नसावा.

तुळजापूरच्या स्टेशनात पहिली गाडी येईल तेव्हा आपण तिला हार घालू, नारळ फोडू. त्या गर्दीत सांध्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. नवरात्रात लेकराबाळांसह येणाऱ्या हजारोंचा जीव त्याच्या हाती असेल. त्याला कोणी, कसे शिकविले, हे विचारण्याचा अधिकार आपणां सर्वांचा आहे. तो आपण आजपासूनच बजावावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.