मानेतली पाणगाठ: चाकू, सुई आणि माती

बाळाच्या मानेवर मऊ फुगवटा दिसतो. अंधारात टॉर्च टेकवला की तो आतून उजळतो. ही सिस्टिक हायग्रोमा: गर्भातच लसिकावाहिन्यांची जडणघडण बिघडल्याने साचलेल्या लसिकेची गाठ. हा कर्करोग नव्हे. जर्मन वैद्य रेडेनबाखर यांनी १८२८ मध्ये तिचं वर्णन केलं. वेर्नर यांनी १८४३ मध्ये नाव दिलं.

त्यानंतर शतकभर भिस्त चाकूवर होती. पण ही गाठ नसा आणि रक्तवाहिन्यांमधून वाट काढत पसरते. सगळी काढायला गेलं तर चेहऱ्याची नस दुखावते, थोडी ठेवली तर पुन्हा भरते. मग सुई आली. जपानमध्ये मातीतल्या जंतूपासून मिळालेलं ब्लिओमायसिन हे कर्करोगाचं औषध १९७० च्या दशकात थेट गाठीत टोचून पाहिलं गेलं. १९८७ मध्ये ओगिता यांनी निष्प्रभ केलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचं ओके-४३२ वापरलं. मोठ्या पोकळ्यांच्या गाठी याने आक्रसतात, बारीक पोकळ्यांच्या मात्र फारशा दाद देत नाहीत.

अशा हट्टी गाठींसाठी आता सिरोलिमस देतात, आणि त्याची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. १९६४ च्या कॅनडाच्या मोहिमेने ईस्टर बेटावरून माती आणली. त्यातल्या जंतूपासून हे औषध वेगळं करणाऱ्या चमूत मूळचे पंजाबचे सुरेंद्रनाथ सेहगल होते. त्यांच्या कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपला. तो टिकला म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मान्यता मिळाली. लसिकागाठींवरचा उपयोग पुढे कळला.

  

निदानाला सोनोग्राफी आणि एमआरआय हवेत. प्रौढाच्या मानेत अशी गाठ नव्याने आली तर सुईने तपासून घ्यावीच, कारण थायरॉइडच्या कर्करोगाची पसरलेली गाठही पाण्याने भरलेली असू शकते. बाळाची गाठ मात्र दाबू नका, घरी टोचू नका. ती एकाएकी वाढली किंवा श्वास घरघरू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.