टॅपेटचं माहेर

जुन्या अँबेसेडरचं इंजिन घरच्या घरी बांधणाऱ्याची खरी परीक्षा हेड बसल्यानंतर सुरू होते. या इंजिनात हेडचे काही नट रॉकर शाफ्टलाही धरून ठेवतात, त्यामुळे सगळे नट ठरल्या क्रमानं टॉर्क रेंचनं आवळून झाल्याशिवाय टॅपेटच्या फटीला हात लावायचा नसतो. मग नऊचा हिशेब. आठवा व्हॉल्व पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट बघायची, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याची. बेरीज नऊ आली पाहिजे. फट ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. फिलर गेजची पाती रॉकर आणि व्हॉल्वच्या दांडीमध्ये सरकवली की किंचित धरली जावी, अडकू नये. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायचीच.

हे काम हातात बसलं की टॅपेट ही चीज मोटारीबरोबरच जन्मली असणार असं वाटू लागतं. पण इचलकरंजीत एका उघडलेल्या साध्या यंत्रमागापाशी माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणाला, “टॅपेट झिजलंय, बदलायला लागतंय.” त्यानं बोट दाखवलं ते खालच्या शाफ्टवरच्या नाकाड्या चकतीकडे. ती फिरते, तरफ दाबते आणि ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटी वर-खाली होतात. पण माझी नजर खिळली ती शाफ्टच्या टोकाच्या चाकांवर. वरच्या क्रँकशाफ्टचं चाक लहान, खालच्याचं बरोबर दुप्पट दात्यांचं. क्रँक दोनदा फिरला की टॅपेटचा शाफ्ट एकदा. फोर-स्ट्रोक इंजिनात टायमिंगच्या चाकांवर आपण खुणा जुळवतो ते प्रमाणही नेमकं हेच.

मागात याचं कारण सोपं आहे. साध्या विणीत धोट्याच्या दोन फेकींनंतर नमुना पुन्हा सुरू होतो: एकदा सम धागे वर, एकदा विषम. इंजिनात चार स्ट्रोकना क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात आणि प्रत्येक व्हॉल्व त्यात एकदाच उघडायचा असतो. दोन्हीकडे एकच गणित आहे. मग हा निव्वळ योगायोग समजायचा का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मँचेस्टर.

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतात ते कापडामुळे. खऱ्या मँचेस्टरमध्ये रिचर्ड रॉबर्ट्सनं १८२२ मध्ये लोखंडी यंत्रमागाचं पेटंट घेतलं आणि लँकेशायरभर अशा मागांचा खडखडाट सुरू झाला. त्याच शहरात क्रॉसली बंधूंनी १८६९ मध्ये कोलोनच्या ओटो आणि लांगेन यांच्या गॅस इंजिनाचे हक्क घेतले आणि पुढे १८७६ चं फोर-स्ट्रोक इंजिनही बनवायला घेतलं. ओटोच्या इंजिनात गॅस आणि हवा आत घ्यायला सरकता व्हॉल्व होता. तो तापे, घासला जाई, त्याला तेल पुरवत राहावं लागे. १८८८ मध्ये क्रॉसलींनी त्याच्या जागी उचलता व्हॉल्व आणला, आजही आपण लॅपिंग पेस्ट लावून घासतो तसा. नाकाड्या चकतीनं तरफ दाबायची, निम्म्या वेगानं फिरणाऱ्या शाफ्टवरून, न चुकता, दिवसभर: हे काम त्या शहरातल्या कुठल्याही फिटरला नवं नव्हतं. तो रस्त्यापलीकडच्या गिरणीत हेच रोज बघत होता. याचा कागद दाखवता येत नाही, पण कारागिराचा हात ओळखीच्या वळणानंच जातो, असं माझं ठाम मत आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, कोलोनच्या इंजिनात एक्झॉस्टला उचलता व्हॉल्व आणि त्यासाठी निम्म्या वेगाचा शाफ्ट आधीपासूनच होता. हे खरं आहे. पण उचलता व्हॉल्व आत घेण्याच्या बाजूलाही आणून सगळा कारभार चकती-तरफेवर सोपवणं हे पुढचं पाऊल, आणि ते मँचेस्टरला पडलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टॅपेट यंत्रमागापेक्षा जुनं आहे. न्यूकोमेननं १७१२ मध्ये डडली कॅसलजवळ पाणी उपसणारं वाफेचं इंजिन उभारलं. अशा इंजिनांत तुळईला टांगलेल्या दांड्यावरच्या खुंट्या तरफांना ठोकून झडपा उघडत, आणि त्या खुंट्यांना इंग्रजीत टॅपेट हेच नाव मिळालं. हम्फ्री पॉटर नावाच्या पोरानं खेळायला वेळ मिळावा म्हणून दोऱ्या बांधून हे घडवलं, अशी कथा देसागुलिएनं १७४४ मध्ये छापली. अॅडम स्मिथनं १७७६ मध्ये नाव न घेता अशाच पोराची गोष्ट सांगितली. मला ती कथा पटत नाही. डडलीच्या त्या इंजिनाचं बार्नी नावाच्या माणसानं कोरलेलं १७१९ चं चित्र आहे आणि त्यात दांडा, खुंट्या, तरफा सगळं व्यवस्थित मांडलेलं दिसतं. दोऱ्यांची तात्पुरती युक्ती त्यात नाही. हेन्री बायटननं १७१८ मध्ये ही रचना पक्की केली असंही सांगितलं जातं, आणि पोराच्या कथेपेक्षा ते मला कितीतरी जास्त पटतं.

तर मग टॅपेट वाफेच्या इंजिनाचं की मागाचं? मागातल्या टॅपेटला तरफेची रोळी कायम चिकटून असते, मध्ये फट नसते. न्यूकोमेनची खुंटी मात्र आधी मोकळी सरकते आणि मग ठोकते. मोटारीत दोन्ही गुण एकत्र आले: चकती आणि निम्मा वेग मागाचा, ठोका पंपाचा. माहेर माग धरलं तर वाफेचं इंजिन आजोळ म्हणावं लागेल. नावानंही जागा बदलली. पंपात ठोकणारी खुंटी टॅपेट, मागात दाबणारी चकती टॅपेट, आणि मोटारीत त्या चकतीचा, म्हणजे कॅमचा, मार खाणारा भाग टॅपेट.

मोटारीत ही फट पुन्हा लागली ती उष्णतेमुळे. दहा सेंटिमीटरची पोलादी दांडी तीनशे अंशांनी तापली की सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढते. आजूबाजूचं ओतीवही वाढतं, पण कमी. फट ठेवलीच नाही तर व्हॉल्व सीटवर पूर्ण बसत नाही, उष्णता बाहेर जात नाही आणि त्याची कड जळते. एक्झॉस्टचा आधी जळतो. फट जास्त राहिली तर टकटक ऐकू येते. म्हणून जुने मेस्त्री सांगतात, आवाज करणारं टॅपेट बरं, गप्प बसलेल्यावर लक्ष ठेव.

फोर्ड मॉडेल टीमध्ये तर जुळवायला स्क्रूच नव्हता. फट कमी झाली की व्हॉल्वच्या दांडीचं टोक घासून कमी करायचं, जास्त झाली की आधी टॅपेट बदलायचं, तेवढ्यानं भागलं नाही तर व्हॉल्वही. अँबेसेडरमध्ये ते काम रॉकरच्या टोकाला असलेला स्क्रू करतो. खुद्द टॅपेट खाली ब्लॉकच्या कुशीत असतं आणि त्याच्यावर पुशरॉड टेकलेला असतो. जुनं इंजिन फिरून बांधताना सगळी टॅपेटं काढून त्यांचा खालचा चेहरा उजेडात धरावा. मधोमध खड्डा पडलेला किंवा पापुद्रा निघालेला दिसला, तर ते टॅपेट आणि ज्या कॅमशाफ्टनं त्याला खाल्लं तो, दोन्ही बाद करावेत. नवी टॅपेटं झिजलेल्या कॅमवर घातली तर तीही तशीच खाल्ली जातात. इचलकरंजीचा तो जॉबरही झिजलेल्या टॅपेटबरोबर तरफेची रोळी काढून ठेवत होता.