वऱ्हाडचा कापूस आणि जागतिकीकरणाच्या तीन उपपत्ति

जागतिकीकरण म्हणजे काय, व त्यास आरंभ केव्हां झाला, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. हा वाद बहुधा मनिला, ॲमस्टरडॅम, लिव्हरपूल अशा बंदरांच्या आधारें लढविला जातो. परंतु त्यांतील पक्ष कसोटीस लावून पाहावयाचे तर अमरावती व अकोला यांसारखे देशावरील बाजारहि तितकेच उपयोगीं पडतात. निरनिराळ्या पक्षांतील मुख्य तीन उपपत्ति वऱ्हाडच्या कापसास लावून पाहाण्याचा येथें विचार आहे.

पहिली उपपत्ति अशी कीं, जगाचें व्यापारी ऐक्य पुरातन आहे. फ्लिन व हिराल्डेझ तें मनिलाच्या स्थापनेपासून, म्हणजे १५७१ पासून, धरतात. आंद्रे गुंडर फ्रँक यांनीं १९९८ च्या ग्रंथांत आशियासच त्या व्यापाराचें केंद्र मानलें. या मतास वऱ्हाडांत आधार आहे. आगगाडीपूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून सुमारें पांचशें मैलांवरील गंगाकांठच्या मिर्झापुरास जाई. १८४२ सालीं एकाच व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलओझीं कापूस खुष्कीनें कलकत्त्यास रवाना केल्याचें सांगतात, असें गॅझेटियरांत नमूद आहे. सांगीव आंकड्यांत कितीहि सूट दिली, तरी वऱ्हाड हा जगापासून तुटलेला प्रांत होता, हें म्हणणें टिकत नाहीं.

दुसरा पक्ष ओरूर्क व विल्यमसन यांचा. यांचें म्हणणें, माल दूर गेला एवढ्यानें भागत नाहीं. दूरदूरच्या बाजारांतील भाव एकमेकांच्या जवळ येऊं लागले तरच तें जागतिकीकरण, आणि तें एकोणिसाव्या शतकांतलें. वऱ्हाडचा कालानुक्रम यास जुळतो. १८५३ च्या तहान्वयें निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस अडला व हिंदी कापसाचा भाव चढला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० सालीं विलायतेशीं समुद्रांतील तारेनें मुंबई जोडली गेली, आणि त्याच वर्षीं लॉर्ड मेयो यांनीं, त्या काळीं अकोला जिल्ह्यांत मोडणाऱ्या खामगांवची शाखा उघडली. १८७१ सालीं बडनेऱ्याहून अमरावतीस फांटा आला. मिर्झापूरची वाट सुटून मुंबईची लागली.

तिसरी उपपत्ति वॉलरस्टाईन यांची, १९७४ ची. जग एक झालें खरें, पण केंद्र व परीघ अशा विषम नात्यानें, असें ती सांगते. याच दिशेनें लक्ष्मण सत्य यांनीं वऱ्हाडावरील १९९७ च्या ग्रंथांत कापसाची वाढ व दुष्काळ यांचा कार्यकारणसंबंध दाखविला. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ प्रसिद्धच आहेत. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची वस्ती सुमारें २८ लक्ष ९७ हजार होती, ती १९०१ सालीं सुमारें २७ लक्ष ५४ हजारांवर उतरली. उलटपक्षीं मिशेल मॅकअल्पिन यांनीं १९८३ सालीं, मुंबई इलाख्याच्या अभ्यासावरून, आगगाडी व बाजार यांनीं रयतेची दुष्काळ सोसण्याची शक्ति अखेर वाढविली, असें प्रतिपादिलें.

या मतांत विरोध दिसतो, तो पुष्कळ अंशीं प्रश्न निराळे असल्यामुळें. माल कोठवर जाई, हा पहिल्याचा प्रश्न. भाव कोठें ठरे, हा दुसऱ्याचा. आणि भाव पडला म्हणजे नुकसान कोणाच्या माथीं येई, हा तिसऱ्याचा. वऱ्हाडापुरता तिसरा प्रश्न मुख्य मानणें आम्हांस भाग वाटतें. युद्ध संपतांच भाव उतरला; परंतु घेतलेल्या कर्जाचा आंकडा भावाबरोबर उतरत नसतो. शिवाय कारंजास १८८६ सालीं सरकारास बाजारावर नियमन बसवावें लागलें, व १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांकरितां कायदाच करावा लागला. केवळ तारेनें भाव कळल्यानें बाजारांतील व्यवहार चोख होत नाहीं, हें यावरून उघड आहे.

तथापि वरील वादाचा बहुतेक आधार सरकारी कागद आहेत. त्यांत गाठींची मोजदाद सांपडते. पेरणीपूर्वीं कोणत्या बोलीवर रुपये दिले, हें क्वचितच सांपडतें. तें सावकारांच्या व अडत्यांच्या रोजकीर्दींत, खतावण्यांत, हुंड्यांत आणि गहाणखतांत असावयाचें. पिकापूर्वींच पडत्या भावानें माल बांधला गेल्याचें त्यांत आढळल्यास, लिव्हरपूलचा भाव पेठेपर्यंतच आला, शेतापर्यंत पोंचला नाहीं, असें ठरेल. चढत्या भावाचा वांटा कुळाच्या खातीं जमा दिसल्यास मॅकअल्पिन यांचा पक्ष बळावेल.

आमचे संग्राहक सनदा, बखरी व पोथ्या जपतात. मोडी व महाजनी लिपींतील जमाखर्चाच्या वह्या मात्र रद्दीच्या भावानें जातात. अमरावती, अकोला, कारंजा, खामगांव येथील जुन्या पेढ्यांची दप्तरें हातीं येतील तेव्हां संग्राहकांनीं वह्यांचा क्रम न मोडतां तीं राखावीं व त्यांची यादी प्रसिद्ध करावी. एक सुटी वही फारसें बोलत नाहीं. वीस वर्षांचा सलग संच सांपडला, तर या वादाचा वऱ्हाडपुरता निकाल लावण्यास तो पुरेसा होईल.