शेरवानीच्या खिशातला कलमतराश

मागच्या वर्षी एका मोठ्या इमारतीच्या दारात माझी पर्स यंत्रातून गेली आणि पलीकडच्या मुलीनं हात वर केला. तिनं चष्म्याचं घर काढलं, डबा काढला, रुमालात बांधलेले दोन पेरू काढले आणि तळाशी पडलेला चाकू दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला. "अम्मा, ये क्या है?"

"कलमतराश," मी म्हणाले. तिला शब्द कळला नाही. तिचा काय दोष? मीही तो शेवटचा कुणाच्या तोंडून ऐकला ते आठवत नाही.

चाकू माझ्या आजोबांचा. शिंगाची मूठ, अडीच इंचांचं पातं, दगडावर घासून घासून मधे खोलगट झालेलं. आजोबा परभणीकडचे, हैदराबादला निजामाच्या महसूल खात्यात कारकून. शेरवानीच्या आतल्या खिशात हा चाकू असायचाच, कारण बोरू तासणं हा नोकरीचाच भाग होता. त्यांनी मलाही शिकवलं होतं. आधी टोक तिरपं सोलायचं, मग आतला भुसा खरवडायचा, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक एकाच घावात छाटायचं. दुसरा घाव घातला की ते बोरू फेकून द्यायचे. म्हणायचे, याचं अक्षर फाटणार.

त्याच शहरात, आजोबांच्या दोन पिढ्या आधी, कमरेला हत्यार नसलेला माणूस रस्त्यात उठून दिसला असता. रोहिले, शीख, पठाण आणि सगळ्यांत धाक असलेले हद्रमौतचे अरब. अरबांच्या पोटावर पट्ट्यात खोवलेला वाकडा जांबिया असे. आपल्याकडं वाटतं, हे निजामाचं प्रकरण. तसं नाही. हेच अरब आधी मराठ्यांच्या चाकरीत होते. 1817 च्या डिसेंबरात नागपुरात इंग्रजांना त्यांनीच अडवून धरलं आणि 1818 मध्ये मालेगावच्या किल्ल्यात ते जूनपर्यंत लढले. पेशवाई बुडाली, तशी त्यातल्या अनेकांनी हैदराबादची वाट धरली. आपले भोसले, पेशवे यांनी पोसलेला जांबिया असा मुसी नदीकाठी आला. त्यांच्या बराकींच्या वस्तीला 'बरॅक्स'चा अपभ्रंश होऊन 'बरकस' हे नाव पडलं. पर्समधले पेरू तिथलेच. हैदराबादी माणूस त्यांना जाम म्हणतो.

जांबिया मिरवायला होता, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं पैशाचं. सरकारकडं पगार थकायचे. मग अरब जमादार उलट सरकारलाच कर्ज द्यायचे आणि वसुलीसाठी महालच्या महाल गहाण घेऊन बसायचे. कर्जदाराच्या दारात चार अरब नुसते बसवले तरी काम भागत असे. सावकार तोच, शिपाई तोच, न्यायाधीशही तोच! अशा माणसाला तू हत्यार खाली ठेव म्हणून सांगणार कोण?

ते काम केलं पहिल्या सालारजंगांनी. 1853 मध्ये निजामाचे दिवाण झाले तेव्हा चोविशीत होते. 1859 मध्ये दरबारातून इंग्रज रेसिडेंटबरोबर बाहेर पडताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ते वाचले, मारेकरी जागच्या जागी मारला गेला. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी शहरभर हत्यारं जप्त करण्याचं फर्मान निघालं असतं, आणि फसलं असतं. यांनी गहाण पडलेले महाल कर्ज फेडून हळूहळू सोडवले, अरबांच्या तंट्यांसाठी वेगळं न्यायालय काढलं, 1865 मध्ये जिलाबंदी करून मुलखाचे जिल्हे पाडले आणि मक्तेदारांच्या जागी पगारी अंमलदार नेमले. माझ्या आजोबांची जात, म्हणजे बोरू तासणाऱ्यांची जात, त्या जिलाबंदीतून वाढली. जांबिया कमरेवरून उतरला तो कायद्यानं नव्हे, वेळेवर मिळणाऱ्या पगारानं, असं माझं मत आहे. इतिहासाच्या बाईंचं मत म्हणून सोडून द्या हवं तर.

कायदा तेव्हा इंग्रजी मुलखात होता. लॉर्ड लिटनचा 1878 चा हत्यारांचा कायदा निजामाच्या राज्याला लागू नव्हता. गंमत म्हणजे आज मराठी माणसांनी गजबजलेला सुलतानबाजार तेव्हा रेसिडेन्सी बाजार होता आणि तिथं अंमल रेसिडेंटचा. 1933 मध्ये तो निजामाकडं परत आला. म्हणजे तोवर आजोबा सामान आणायला घरातून निघाले की चाकूसकट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. तो 1962 पासून अमलात आला. त्याच्या नियमांत मोजमाप आहे: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, तर ते हत्यार. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. विळी, कोयता, साधी काठी बाळगायला परवाना लागत नाही. शिखांच्या कृपाणाला तर राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातच जागा आहे. नांदेडचा गुरुद्वारा निजामाच्याच मुलखात होता, त्यामुळं हैदराबादला कृपाण काही नवं नव्हतं. दिल्ली प्रशासनानं 1980 मध्ये खटक्याच्या चाकूची मर्यादा 7.62 सेंटिमीटरवर आणली, म्हणजे तीन इंच. आजोबांच्या चाकूला खटका नाही आणि तो तीन इंच भरतही नाही. मी घरी येऊन पट्टीनं मोजला.

पण मोजमापावर विसंबू नये. पातं आठ इंचांचं आहे म्हणून ते घेऊन मिरवणुकीत नाचायला मोकळीक मिळते, असं समजणारी पोरं दर लग्नसराईत पोलीस ठाण्यात बसलेली असतात. अरबी मर्फाचा ताल सुरू झाला की जुन्या शहरात जांबिया नाचवायची हौस अजून आहे, आणि आता ती मोबाइलवर दिसते, म्हणून लगेच सापडते.

सालारजंग म्युझियममध्ये जेडच्या दालनात जहांगीराचा खंजीर आहे आणि नूरजहाँची फळं कापायची सुरीही. मी शाळेच्या सहली नेत असे तेव्हा मुलांना विचारायची, यातलं हत्यार कोणतं? सगळी खंजिराकडं बोट दाखवत. एका मुलीनं एकदा विचारलं, "पण बाई, सुरीनं लागत नाही का?" तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नव्हतं. दारातल्या त्या मुलीलाही बहुधा तेच सुचलं नसावं. तिनं चाकू एका ट्रेमध्ये ठेवला, चिठ्ठी दिली आणि जाताना परत केला. पेरू तेवढे मी दातांनी खाल्ले.

सणासुदीला, निवडणुकीला शहरात हत्यारबंदीचे हुकूम निघत आले आहेत, आणि त्यांत पोलीस आयुक्तांनी कायद्याचं नाव दिलेलं असे: हैदराबाद शहर पोलीस अधिनियम, 1348 फसली. फसली सालात 590 मिळवा, इसवी सन 1938 येतं. निजाम गेला, संस्थान गेलं, आंध्र झालं, तेलंगणा झालं, साल मात्र फसलीच राहिलं. आजोबांच्या नेमणुकीच्या कागदावरही साल फसलीच आहे. तो कागद कपाटात आहे. चाकू आता पर्समध्ये नसतो; स्वयंपाकघरात विळीशेजारी असतो.